चुकीच्या तीन पर्यायांचा अभ्यास

११.१ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड ५०० ग्रॅम पाण्यात विरघळवले आणि त्याचे पूर्ण आयनीभवन झाले असे मानले, तर पाण्याचा गोठणबिंदू कितीने खाली येईल? कॅल्शियम क्लोराइडचे मोलर वस्तुमान १११ आहे आणि पाण्यासाठीचा स्थिरांक १.८६ दिलेला आहे. पर्याय चार आहेत: ०.३७२, ०.५५८, ०.७४४ आणि १.११६ केल्विन.

बारावीचा बरा विद्यार्थी हे उदाहरण मिनिटाभरात सोडवतो. ११.१ ग्रॅम म्हणजे ०.१ मोल, ते अर्ध्या किलो पाण्यात आहे, म्हणून मोलॅलिटी ०.२, एका घटकापासून एक कॅल्शियम आणि दोन क्लोराइड असे तीन आयन मिळतात, म्हणून ३ गुणिले १.८६ गुणिले ०.२, म्हणजेच १.११६. उत्तरसूचीत चौथा पर्याय दिसला की तो बरोबरची खूण करतो आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतो. माझ्या मते खरा अभ्यास या खुणेनंतर सुरू व्हायला हवा, कारण उरलेले तीन आकडे प्रश्न काढणाऱ्याने सहज म्हणून लिहिलेले नसतात. आयनीभवन विसरणाऱ्याला ०.३७२ मिळते. कॅल्शियम क्लोराइडला मिठासारखे समजून दोनच आयन धरणाऱ्याला ०.७४४ मिळते. पाणी ५०० ग्रॅम आहे हे न पाहता ते एक किलो धरणाऱ्याला ०.५५८ मिळते. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एका विशिष्ट विद्यार्थ्याची विशिष्ट विचारपद्धती उभी असते, आणि आपल्यापैकी प्रत्येक जण थकलेला किंवा घाईत असताना त्या तिघांपैकी एक होऊ शकतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि संध्याकाळी काही मुलांकडून प्रवेश परीक्षांच्या उदाहरणांचा सराव करून घेतो. यात एमएचटी-सीईटी देणारे असतात, नीट देणारे असतात आणि जेईई मेनच्या तयारीतलेही काही असतात. त्यांच्याकडे साहित्याची कमतरता मुळीच नसते. लातूर, नांदेड, पुणे येथील शिकवण्यांच्या छापील शीट, मोबाइलवरची टेस्ट सिरीज, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, रोजची डीपीपी म्हणजे रोजचा सरावसंच, असा सगळा ढीग त्यांच्यासमोर असतो, आणि त्या ढिगाची उंची कमी करणे हेच सरावाचे ध्येय होऊन बसते. आज किती प्रश्न सोडवले, हा आकडा पालकांना सांगायला सोपा असतो. त्या प्रश्नांतून काय हाती लागले, हे सांगणे अवघड असते, म्हणून ते कोणी विचारत नाही.

वेळेचा दाब खरा आहे, हे मान्य करावेच लागते. सीईटीच्या एका पेपरात भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० असे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. म्हणजे सरासरी ५४ सेकंदांना एक प्रश्न. नीटमध्ये २०२५ पासून पुन्हा १८० प्रश्न आणि १८० मिनिटे असा हिशेब आला आहे, आणि तेथे चुकीच्या उत्तराला एक गुण वजा होतो. सीईटीत गुण वजा होत नाहीत. जेईई मेनमध्ये रसायनशास्त्राच्या २५ प्रश्नांपैकी ५ प्रश्नांना पर्यायच नसतात, उत्तराची संख्या स्वतः भरावी लागते. या फरकांमुळे परीक्षेच्या खोलीत काय धाडस करावे हे बदलते. सरावाच्या टेबलावर काय करावे हे मात्र फारसे बदलत नाही. घड्याळ लावून सोडवणे हा सरावाचा शेवटचा टप्पा आहे. तो जून-जुलैपासूनच सुरू केला, तर मुले चुकीच्या सवयी अधिक वेगाने करायला शिकतात.

संध्याकाळच्या गटात मी एक प्रयोग अनेक वर्षे करत आलो आहे. एखादा धडा संपला की दोघादोघांनी मिळून एक प्रश्न तयार करायचा आणि त्याला चार पर्याय द्यायचे. अट अशी की तिन्ही चुकीच्या पर्यायांचे कारण मागितले तर सांगता आले पाहिजे. 'असाच लिहिला' हे उत्तर चालत नाही. सुरुवातीला मुलांना हा पोरखेळ वाटतो. नंतर त्यांच्या लक्षात येते की चांगला चुकीचा पर्याय तयार करायला संकल्पना अधिक नीट समजावी लागते. केमिकल कायनेटिक्सच्या धड्यानंतर एका जोडीने असा प्रश्न दिला: प्रथम कोटीची एक अभिक्रिया ६० मिनिटांत ७५ टक्के पूर्ण होते, तर तिचा अर्धायुकाल, म्हणजे निम्मा पदार्थ संपायला लागणारा वेळ, किती? उत्तर सोपे आहे. ७५ टक्के संपणे म्हणजे एकचतुर्थांश उरणे, म्हणजे दोन अर्धायुकाल, म्हणून ३० मिनिटे. त्यांनी दिलेल्या चुकीच्या पर्यायांत एक ४० मिनिटांचा होता. त्यामागचा तर्क असा की ७५ टक्क्यांना ६० मिनिटे लागतात, तर त्रैराशिकाने ५० टक्क्यांना ४० लागतील. वर्गातल्या बऱ्याच जणांनी हेच उत्तर दिले. मग मी विचारले की हे ४० कधीच बरोबर असणार नाही का? थोड्या वेळाने मागच्या बाकावरून उत्तर आले की अभिक्रिया शून्य कोटीची असेल तर ४० बरोबर आहे, कारण तेथे वेग संहतीवर अवलंबून नसतो आणि समान वेळात समान मात्रा संपते. त्या एका चुकीच्या पर्यायाने शून्य कोटी आणि प्रथम कोटी यांतला फरक जितका स्पष्ट केला, तितका फळ्यावरच्या दोन आलेखांनी केला नव्हता.

असे पाहण्याची सवय लागली की लक्षात येते, पुष्कळ चुकीचे पर्याय म्हणजे दुसऱ्याच एखाद्या प्रश्नाची बरोबर उत्तरे असतात. जस्त-तांब्याच्या डॅनियल घटाचे प्रमाण विभव १.१ व्होल्ट दिले आणि गिब्ज ऊर्जेतील बदल विचारला, तर उत्तर उणे २१२.३ किलोजूल येते. पर्यायांत उणे १०६.१५ दिसले, तर तो एका इलेक्ट्रॉनच्या अभिक्रियेचा हिशेब आहे, आणि अधिक २१२.३ दिसले, तर ती उलट दिशेच्या अभिक्रियेची किंमत आहे. प्रश्न वाचताना जस्त आणि तांबे दोन्ही द्विसंयुजी आहेत याकडे दुर्लक्ष झाले, की पहिला सापळा लागतो.

एककांच्या चुकांविषयी मुलांना इतके सांगितले जाते की त्यांचे कान त्यावर बंद होतात. म्हणून मी त्याविषयी भाषण न करता एकच उदाहरण पुन्हापुन्हा देतो. एका अभिक्रियेसाठी एन्थाल्पीतील बदल ३० किलोजूल आणि एन्ट्रॉपीतील बदल १०० जूल प्रति केल्विन आहे. दोन्ही किमती तापमानानुसार बदलत नाहीत असे मानल्यास ती कोणत्या तापमानाच्या वर आपोआप घडेल? तीस भागिले शंभर करणाऱ्याला ०.३ केल्विन मिळते. हा आकडा पर्यायांत असतोच. पण ०.३ केल्विन म्हणजे निरपेक्ष शून्याच्या उंबरठ्यावरचे तापमान. तेथे कोणत्या नेहमीच्या अभिक्रियेचा विचार आपण करतो आहोत, हा प्रश्न मनात उठला असता, तर हात आपोआप थांबला असता. ३० किलोजूलचे ३०,००० जूल केले की ३०० केल्विन मिळते, आणि ते तापमान आपल्या खोलीतले आहे. राज्य मंडळाच्या पुस्तकात कार्याची किंमत घन डेसिमीटर-बारमध्ये काढतात आणि १ घन डेसिमीटर-बार म्हणजे १०० जूल; इतर काही पुस्तकांत लिटर-ॲटमॉस्फिअर असते आणि त्याचे १०१.३ जूल होतात. दोन ठिकाणची शीट एकाच दिवशी सोडवणाऱ्याने हे दोन आकडे समोरासमोर लिहून ठेवावेत, एवढे पुरे.

उत्तर वास्तवाशी जुळते का, हे पाहण्याची सवय सॉलिड स्टेटच्या उदाहरणांत सर्वांत जास्त उपयोगी पडते. चांदीचा स्फटिक फलककेंद्री घनाकृती असतो, एकक कोशिकेची बाजू ४०८.६ पिकोमीटर, अणुवस्तुमान १०८, घनता काढा. या उदाहरणात पिकोमीटरचे सेंटीमीटर करताना दहाचा उणे दहावा घात घ्यावा लागतो, मग त्याचा घन करावा लागतो, आणि खाली ॲव्होगॅड्रो संख्येतला दहाचा तेविसावा घात वाट पाहत असतो. घातांकांच्या या गर्दीत एखादे शून्य निसटले तर आश्चर्य नाही. ज्याला ॲल्युमिनियमची घनता २.७, लोखंडाची सुमारे ७.९, चांदीची १०.५ आणि सोन्याची १९.३ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर असते हे साधारण ठाऊक आहे, त्याला १.०५ किंवा १०५ हे उत्तर पाहताच ते अशक्य असल्याचे कळते. पंधरावीस पदार्थांच्या खऱ्या किमती अशा ओळखीच्या असाव्यात. सूत्र पाठ करण्यापेक्षा याला कमी वेळ लागतो, आणि तरीही कोणतीही शीट हे काम मुलांना देत नाही.

हीच गोष्ट अतिसौम्य आम्लाच्या त्या जुन्या प्रश्नाची. हायड्रोक्लोरिक आम्लाची संहती दहाचा उणे आठवा घात मोलर असेल, तर पीएच किती? सूत्रात किंमत घातली की ८ येते, आणि ८ म्हणजे आम्लारीधर्मी द्रावण. पाण्यात आम्ल घालून द्रावण आम्लारीधर्मी कसे होईल, एवढा साधा प्रश्न विचारणाऱ्याला पाण्याचे स्वतःचे आयन आठवतात; ते धरून वर्गसमीकरण सोडवले की पीएच सुमारे ६.९८ येतो. परीक्षेत वर्गसमीकरण सोडवण्याचीही गरज नसते. उत्तर सातपेक्षा किंचित कमी असले पाहिजे, हे कळले की चारपैकी एकच पर्याय शिल्लक राहतो. अशा ठिकाणी विचार हा आकडेमोडीपेक्षा वेगवान ठरतो, आणि ५४ सेकंदांची सरासरी खरोखर येथे साधली जाते.

आकडेमोडीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण मंडळाच्या परीक्षेची सवय येथे आड येते. बारावीच्या परीक्षेत लॉग टेबल वापरता येते, त्यामुळे मुले वर्षभर ते पुस्तक शेजारी ठेवून उदाहरणे सोडवतात. जेईई मेनला ते चालत नाही, कॅल्क्युलेटरही चालत नाही. सवय मोडायची तर दोनचा लॉग ०.३०१०, तीनचा ०.४७७१ आणि सातचा ०.८४५१, एवढे तीन आकडे पुरतात. पाचचा लॉग दहाच्या लॉगमधून, म्हणजे एकमधून, दोनचा लॉग वजा करून ०.६९९० मिळतो. ॲसिटिक आम्लाचा विचरण स्थिरांक १.८ गुणिले दहाचा उणे पाचवा घात असतो. १८ म्हणजे दोन गुणिले नऊ, म्हणून त्याचा लॉग १.२५५२, आणि पीके, म्हणजे या स्थिरांकाचा उणे लॉग, सुमारे ४.७४. आता १०० मिलिलिटर ०.१ मोलर ॲसिटिक आम्लात ५० मिलिलिटर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड मिसळले तर पीएच काय, असे विचारले, तर एकही संख्या मांडायची गरज नाही: निम्मे आम्ल उदासीन झाले, आम्ल आणि त्याचा क्षार समान मात्रेत उरले, म्हणून पीएच हा पीकेएवढाच.

कॅल्क्युलेटर नसल्यामुळे प्रश्न काढणाऱ्यालाही सोयीच्या संख्या निवडाव्या लागतात, आणि त्या संख्या पुष्कळ काही सांगतात. ९.६५ अँपिअरचा प्रवाह १००० सेकंद दिला असेल, तर ९,६५० कूलॉम म्हणजे फॅरेडेचा (एक मोल इलेक्ट्रॉनांच्या प्रभाराचा) दहावा भाग हे ओघानेच आले. तांब्याच्या क्षारातून ०.०५ मोल, म्हणजे सुमारे ३.१८ ग्रॅम तांबे साचेल. प्रथम कोटीच्या उदाहरणात ८७.५ टक्के दिसले की तीन अर्धायुकाल, ९९.९ टक्के दिसले की जवळजवळ दहा, कारण दोनचा दहावा घात १०२४ आहे. वायूच्या आकारमानात ५.६ किंवा ११.२ लिटर दिसले, तर प्रश्नकर्त्याने मोलर आकारमान २२.४ धरले आहे, ११.३५ दिसले तर २२.७ धरले आहे. हा दुहेरीपणा १९८२ पासूनचा आहे. त्या वर्षी आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेने प्रमाण दाब एका ॲटमॉस्फिअरऐवजी एक बार केला, पण जुन्या पुस्तकांतली आणि जुन्या प्रश्नपत्रिकांतली उदाहरणे तशीच फिरत राहिली. यावर वर्गात वाद घालणाऱ्या मुलांना मी पर्यायांकडे पाहायला सांगतो.

लिमिटिंग रीएजंटची, म्हणजे कोणता पदार्थ आधी संपतो ते ओळखण्याची, उदाहरणे मात्र पुन्हापुन्हा, अगदी कंटाळा येईपर्यंत करावीत असे मला वाटते. १४ ग्रॅम नायट्रोजन आणि ६ ग्रॅम हायड्रोजन यांपासून जास्तीत जास्त किती अमोनिया मिळेल? ग्रॅमकडे पाहिले तर हायड्रोजन कमी दिसतो. मोलमध्ये पाहिले तर नायट्रोजन अर्धा मोल आहे आणि हायड्रोजन तीन मोल. अर्ध्या मोल नायट्रोजनला दीड मोल हायड्रोजन पुरतो, म्हणून नायट्रोजन आधी संपतो, एक मोल म्हणजे १७ ग्रॅम अमोनिया मिळतो आणि ३ ग्रॅम हायड्रोजन उरतो. सुरुवातीचे २० ग्रॅम शेवटीही २० ग्रॅमच आहेत, हा पडताळा दोन सेकंदांत होतो. हायड्रोजन पूर्ण संपला असे धरणाऱ्याला ३४ ग्रॅम मिळतील. मूळचे पदार्थच २० ग्रॅम असताना ३४ ग्रॅम उत्पादन कोठून आले, हे त्याला कोणीही विचारू शकेल. जो विद्यार्थी हा पडताळा सहजपणे करतो, त्याची विद्युत अपघटनाची आणि द्रावणांची उदाहरणेही सुधारतात असा माझा अनुभव आहे, कारण या सर्वांच्या मुळाशी मोलचाच हिशेब असतो.

चुकांची वही ठेवा, असे प्रत्येक शिकवणीत सांगितले जाते. पण मुले त्या वहीत चुकलेले उदाहरण आणि त्याचे बरोबर उत्तर सुबक अक्षरात उतरवून घेतात, आणि वही परत उघडली जात नाही. मी त्यांना बरोबर उत्तर लिहूच देत नाही. उदाहरण लिहायचे, आपण निवडलेला चुकीचा पर्याय लिहायचा, आणि आपल्या डोक्यात नेमके काय चालले होते ते पूर्ण वाक्यात लिहायचे: 'द्रावणाचे वस्तुमान हेच पाण्याचे वस्तुमान समजलो', 'दिलेले तापमान सेल्सिअसमध्ये होते, ते केल्विनमध्ये बदलले नाही', 'प्रश्न किती शिल्लक राहिले असा होता, मी किती संपले ते काढले'. कारण म्हणून नुसते 'सिली मिस्टेक' लिहिलेले मला चालत नाही, कारण त्या लेबलाखाली प्रत्येक चूक लपू शकते. आठ-दहा दिवसांनी तीच पाने उघडायची आणि उत्तर न पाहता उदाहरण पुन्हा सोडवायचे. दिवाळीपर्यंत बहुतेकांना कळते की आपल्या चुका पुष्कळ दिसत असल्या, तरी त्यांच्यामागची वाक्ये चार-पाचच आहेत. एखादा प्रश्न वाचताना घाई करतो, दुसरा एककांत अडकतो, तिसऱ्याचा मोलचा हिशेब कच्चा असतो. प्रत्येकाची ही वाक्ये वेगळी असल्यामुळे सर्वांना एकच शीट देऊन उपयोग होत नाही.

शेवटी अभ्यासक्रमाविषयी, कारण पालक हेच जास्त विचारतात. सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाला साधारण २० टक्के आणि बारावीच्या अभ्यासक्रमाला साधारण ८० टक्के भार असतो, आणि राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात पहिलाच धडा सॉलिड स्टेटचा आहे. नीट आणि जेईई मेनच्या अभ्यासक्रमातून हा धडा २०२४ मध्ये वगळला गेला. दोन्हींची तयारी करणाऱ्या मुलाने जुन्या प्रश्नपत्रिका सोडवताना हा फरक लक्षात ठेवावा. नाहीतर नीटच्या जुन्या संचात घनतेची उदाहरणे सोडवण्यात वेळ जातो, किंवा उलट, दिल्लीकडच्या शीटमध्ये तो धडा नाही म्हणून सीईटीसाठीही तो राहून जातो. पुस्तक कोणते घ्यावे, याला माझे उत्तर ठरलेले आहे: मंडळाचे पुस्तक, त्याच्या शेवटचे सर्व प्रश्न, आणि ज्या परीक्षेला बसायचे तिच्या मागील काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका. प्रश्नपत्रिका एकदा घड्याळ लावून सोडवावी, आणि दुसऱ्यांदा घड्याळ न लावता, प्रत्येक चुकीच्या पर्यायाशेजारी तो कोणत्या चुकीतून आला ते पेन्सिलीने लिहीत सोडवावी. दुसऱ्या वेळी एका प्रश्नपत्रिकेला तीन-चार संध्याकाळी लागतात, आणि तेवढ्या दिवसांची डीपीपी राहून गेली तरी मी मुलांना काही बोलत नाही.